तांडेलची बोट

दामोदर तांडेलबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नाही. वीस वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलो आणि त्यातली निदान दहा त्याच्यावर जळण्यात घालवली. पण त्याच्याबद्दल चांगलं बोलणारे बोईसरला पुष्कळ आहेत, त्यांनी लिहिलं तर तुम्हाला तो साधुपुरुष वाटेल. तसा तो मुळीच नव्हता. हट्टी होता, कळकट होता, दुपारच्या सुट्टीत डबा उघडला की सगळ्या खोलीला सुक्या बोंबलांचा वास लावून वर म्हणायचा, "पोतदारभाऊ, या जेवाया." मी मिरजेचा. पहिले सहा महिने नाकाला रुमाल लावून बसलो आणि सातव्या महिन्यात त्याच्या डब्यात हात घातला. तर त्यानं दुसऱ्या दिवसापासून दोन बोंबील जास्त आणायला सुरुवात केली. आता अशा माणसाचं काय करायचं?

आमचा कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत होता. भट्ट्यांचं तापमान सांभाळणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो, म्हणजे पुस्तकाएवढी पत्र्याची पेटी आणि तिच्यात इलेक्ट्रॉनिक्सची पट्टी. सगळी जुळणी झाली की शेवटी प्रत्येक पेटी 'सेट' करावी लागे. आतला तिळाएवढा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा आणि मीटरवरचा आकडा जागेवर आणायचा. हे काम आम्ही दोघं करायचो. मी डिप्लोमा होल्डर आणि सेक्शनचा सुपरवायझर. तांडेल पंचाहत्तरच्या सुमारास हेल्पर म्हणून लागला होता, पेट्या उचलता उचलता बघून बघून शिकला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

तो दांडीचा. किनाऱ्यावरचं मच्छीमारांचं गाव, घरची बोट, बाप नाखवा, धाकटा भाऊ गोपाळ बोटीवर. मग हा कारखान्यात कसा, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मला बोट लागते," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच होतं ते. नाखव्याच्या घरात जन्मलेला हा इसम बोटीत पाय ठेवला की आतडी बाहेर येईपर्यंत ओकायचा. गंडेदोरे झाले, लिंबू झालं, कोणी सांगितलं म्हणून समुद्राचं पाणीसुद्धा पाजून झालं. अठराव्या वर्षी बापानं हात टेकले. "गावात सगळी पोरं मला हसत. मंग हितं आलो. हितली जमीन हालत नाय. हाय ना? मंग झालं," असं म्हणून त्यानं पेटी पुढे ओढली.

"हाय ना? मंग झालं." हे त्याचं पालुपद. पंखा बंद पडला, तरी खिडकी हाय ना, मंग झालं. बोनस कमी मिळाला, तरी काम हाय ना, मंग झालं. युनियनवाले त्याच्या या दोन वाक्यांवर जाम वैतागायचे. मीही वैतागायचो, कारण माझ्याकडे जे जे होतं त्यात माझं कधीच 'मंग झालं' व्हायचं नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

नव्वद सालाच्या आसपास आमच्या कंपनीनं विलायतेतल्या एका कंपनीशी करार केला. तिकडचे कंट्रोलर जास्त भारी, पण तिकडे ते बनवणं परवडेना, म्हणून तो सगळा विभाग उचलून बोईसरला आणायचं ठरलं. शिकायला एक माणूस तीन महिने तिकडे जाणार होता. एक माणूस म्हणजे मीच, यात कोणालाच शंका नव्हती. मी पासपोर्ट काढला. पालघर स्टेशनजवळच्या शिंप्याकडे राखी रंगाचा कोट शिवून घेतला. आमच्या सौ. सुमननं तर आख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलं की आमच्या ह्यांना थंडी बाधते, तेव्हा स्वेटर कोणता न्यावा.

आणि मग तिकडचा एक गोरा साहेब आमची परीक्षा घ्यायला आला.

त्यानं आमच्याच शेल्फवरची एक पेटी माझ्यापुढे ठेवली. आकडा जागेवर ठरत नव्हता. सेट करावा, पाच मिनिटांत सरकलेला. मी सर्किटचा नकाशा पसरला, एकेक भाग मोजला, घाम पुसला. दीड तास झाला. सगळे भाग ठणठणीत आणि आकडा तरी सरकतोय. मग साहेबानं तांडेलला बोलावलं. त्यानं मीटरला हातही लावला नाही. पेटीतली पट्टी काढली, नाकाशी धरली, अंगठा फिरवला आणि तो अंगठा, अहो, चक्क चाटला!

"ह्याला खारं लागलंय," तो म्हणाला.

आमचे मॅनेजर सबनीससाहेब लाजून लाल झाले. पण तांडेलनं ती पट्टी स्पिरिटनं धुतली, टेबलावरच्या दिव्याखाली अर्धा तास वाळवली आणि सेट केली. आकडा खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला. समुद्राकडची खिडकी उघडी राहून खारी हवा पट्टीवर बसली होती. दांडीत घराचे कडी-कोयंडे, पत्रे, सायकली, सगळ्यांना जे होतं तेच तिला झालं होतं. मिरजेच्या माणसाला हे सुचणार कसं? मी आजही म्हणतो, ती परीक्षाच नव्हती.

तांडेलची निवड झाली. त्याच्यापाशी कोट नव्हता. सबनीससाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, आणि मला वाटलं आता माझं सांत्वन करतील. ते म्हणाले, "पोतदार, तुमच्या अंगाचाच आहे तो. तुमचा कोट तेवढा द्या त्याला."

दिला. काय करता! माझा कोट विमानात बसून विलायतेला गेला आणि मी बोईसरला राहिलो. सुमन त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. जणू मीच कोटाला पाठवलं होतं.

तीन महिन्यांनी तो परत आला. कोट धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिला. तिकडची वर्णनं ऐकायला सगळी खोली जमली, आणि हा बाबा काय सांगतो? इमारती नाहीत, दुकानं नाहीत. सांगितलं फक्त आल्बर्टबद्दल. आल्बर्ट म्हणजे तिकडचा म्हातारा कारागीर, तीस वर्षं सेटिंगच्या टेबलावर बसलेला. त्यानं याला शिकवलं. याचं इंग्रजी यथातथा, त्याचं इंग्रजी याला कळेना, तेव्हा म्हातारा याच्या हातावर हात ठेवून स्क्रू फिरवून दाखवायचा. बाकीचे कामगार या दोघांशी बोलत नसत. दोघंच कोपऱ्यात बसून डबा खायचे. असं का, ते तांडेलला कळलं नाही. कळलं शेवटच्या दिवशी, जेव्हा केक कापला आणि सगळे रडायला लागले. तो याच्या निरोपाचा केक नव्हता. त्या सगळ्यांची नोकरी त्या दिवशी संपत होती. त्यांचंच काम खिशात घालून हा बोईसरला निघाला होता.

"मी त्याला इचारलं, मोडकंतोडकं. तुला ठावं होतं, मंग मला कशाला शिकवलंस?"

"मग काय म्हणाला?" कोणीतरी विचारलं.

"म्हनला, तू एवढ्या लांबून आलास. तोंड फिरवून बसू काय?"

म्हाताऱ्यानं निघताना आपला स्क्रू ड्रायव्हर त्याला दिला होता. पिवळी मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून खड्डा पडलेली. तांडेल तो शर्टाच्या खिशात ठेवायचा. मी पुष्कळ दिवस त्या मुठीवर डोळा ठेवून होतो. तीन महिने मी तिथे बसलो असतो, तर तो खड्डा माझ्या अंगठ्याला मिळाला असता.

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रावर गेल्या, आणि काही आठवड्यांनी तांडेल एक बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन कामावर आला. आत बोंबील, खडखडीत सुकवलेले. ते त्याला आल्बर्टला पोस्टानं पाठवायचे होते! बोईसरच्या पोस्टातल्या मास्तरांनी काउंटरवरूनच हाकललं होतं म्हणे, "अहो, हे काय आणलंत, उचला आधी!" मग या पठ्ठ्यानं दुपारच्या सुट्टीत डब्याचं झाकण सगळीकडून सोल्डर मारून बंद केलं. एक मुंगी आत जाणार नाही की वासाचा कण बाहेर येणार नाही. असलं काम फक्त दांडीचा माणूसच करणार, आणि तेही आमच्याच कारखान्यात शिकून. पोस्टमास्तरांनी डबा हुंगला, उलटापालटा केला आणि निमूटपणे शिक्के मारले.

"कशाला हा उपद्व्याप?" मी म्हणालो. "तो काय बोंबील खाणार आहे?"

"त्याचा वाटा हाय तो."

मग त्यानं मला समजावलं. बोट किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, प्रत्येक खलाशाचा एकेक वाटा. आणि एखादा खलाशी आजारी पडून घरी राहिला असेल, तर त्याच्याही नावानं एक वाटा काढतात. तो आला नाही म्हणून त्याची चूल बंद राहता कामा नये. "त्याच्या जागेवर आमी बसलो, पोतदारभाऊ. तो घरी हाय. मंग त्याचा वाटा नको काढायला?"

चार महिन्यांनी आल्बर्टच्या बायकोचं पत्र आलं. ते वाचायला तांडेल माझ्याकडेच आला, आणि मीच ते खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं, दातओठ खात. डबा उघडायला आल्बर्टला कानस लागली होती. आत काय आहे ते दोघांना कळेना. शेवटी, ही माशांसाठी लावायची आमिषं असणार असं ठरवून म्हातारा ते घेऊन नदीवर गळ टाकायला गेला. नोकरी गेल्यापासून घराबाहेर पडत नव्हता, आता रोज जातो, असं तिनं लिहिलं होतं. सगळी खोली हसून हसून लोळली. तांडेलचे डोळे मात्र भरले होते. "म्हंजी तो बी मासेमारीला लागला," तो म्हणाला.

मला त्या दिवशी किती जळफळाट झाला म्हणून सांगू! विलायतेहून पत्र येतं, कोणासाठी, तर बोंबील पाठवणाऱ्यासाठी. जन्मात मला कोणी परदेशातून पत्र पाठवलं नाही. दरवर्षी डबा जात राहिला आणि दरवर्षी पत्र येत राहिलं. ते वाचून दाखवणं माझ्याच नशिबी होतं.

मग सात-आठ वर्षांनी तेच चाक आमच्या दाराशी आलं. पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात हेच कंट्रोलर बोईसरपेक्षाही स्वस्तात होणार होते. तिकडून शिकायला दोन जण आले, एक मुलगा आणि लिन नावाची मुलगी, विशी-बाविशीची. शिकवायचं तांडेलनं.

मी त्याला दाराआड घेतलं. "हे बघ, खाऱ्या हवेचं सांगू नकोस. तिकडेही समुद्र आहे. वर्षभरात पेट्या परत यायला लागतील, झक मारत काम इकडे येईल."

"पोरगी एवढ्या लांबून आलीय," तो म्हणाला.

त्यानं सगळं शिकवलं. पट्टी चाटायलासुद्धा. ती पोर तोंड वाकडं करून चाटायची आणि दोघं हसायचे. दुपारी तिला डब्यातला बोंबील. आणि जाताना त्यानं खिशातला तो पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढून तिच्या हातात ठेवला. माझ्यासमोर! वीस वर्षं शेजारी बसणारा मी त्याला दिसलो नाही. त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सबनीससाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

आमच्या सेक्शनमधले सगळे जाणार होते. दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पेट्यांसाठी एकच माणूस ठेवायचा होता. "तुम्ही किंवा तांडेल. खरं तर हात त्याचा चांगला आहे," साहेब म्हणाले. "तुमचं काय मत?"

तेव्हा खरं बोलायचं असतं तर दोन वाक्यं पुरली असती. तांडेलचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि तांडेलला दुसरा धंदा नाही, कारण त्याला बोट लागते. मी म्हणालो, "साहेब, त्याची घरची बोट आहे. त्याचं काही अडणार नाही. माझं मात्र इथं दुसरं काही नाही."

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

नोकरी संपल्याची पत्रं वाटली त्या दिवशी बरेच जण रडले, एकानं टेबलावर डबा आपटला. तांडेलनं पत्र घडी करून खिशात ठेवलं, जिथं स्क्रू ड्रायव्हर असायचा तिथं. आपलं टेबल स्पिरिटनं पुसलं. माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुमी हाव ना हितं? मंग झालं. खिडकी तेवढी बंद ठेवत जा." आणि गेला. मी ती खिडकी रोज बंद करायचो आणि रोज मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचो.

माझं सुखही काही टिकलं नाही. आठ-नऊ महिन्यांत जुन्या पेट्या यायच्या थांबल्या आणि मलाही तसंच पत्र मिळालं. पंधरा दिवस घरात बसलो. कोटाचं कपाट उघडलं की सुमन दुसरीकडे बघायची. एका सकाळी सायकल काढली आणि दांडीला गेलो. कशाला गेलो, ते लपवत नाही. मला त्याला पडलेला बघायचा होता. आपण पडल्यावर शेजारी दुसरा कोणी पडलेला दिसला की जरा बरं वाटतं.

किनाऱ्यावर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. बोटी येत होत्या. तिसऱ्या बोटीतून तांडेल उतरला. निम्मा झाला होता. कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला, कोरड्या वाळूत गुडघ्यांवर बसला आणि भडभडून ओकला. पोटात काहीच नसावं, नुसत्या उमाळ्यांनी अंग हलत होतं. बोटीवरचे दोघं हसले. एक बाई म्हणाली, "रोजचाच हाय त्याचा." मी जे बघायला आलो होतो ते मला पुरेपूर बघायला मिळालं, आणि सांगतो, अजिबात बरं वाटलं नाही.

त्यानं चूळ भरली, वर बघितलं आणि मी दिसलो.

"पोतदारभाऊ! तुमचा सेक्शन बी बंद झाला म्हनं?"

"झाला."

गोपाळ वाळूवर मासळीचे ढीग लावत होता. तांडेलनं तिकडे तोंड करून हाक दिली, "गोपाळ, आनखी एक वाटा काढ रं!"

"नको, नको," मी म्हणालो. "मी काय आजारी आहे?"

"घरी बसलाव ना? मंग झालं."

त्यानं स्वतः पिशवी भरली. ओले बोंबील, वर मूठभर कोलंबी, आणि एक पापलेट, जे गोपाळनं परत उचलून घेतलं आणि यानं पुन्हा पिशवीत टाकलं. पिशवी माझ्या हातात देताना तो हळूच बोलला, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं.

"तांडेलची बोट हाय, असं तुमी साहेबाला बोललाव. मला साहेबानंच सांगितलं, निरोप घ्यायला गेलतो तवा."

पळून जावं म्हटलं तर सायकल लांब होती.

"मला बोट लागते, तुमाला ठावं होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. आकडा ठरतो की सरकतो ते बघायला मीटरकडे बघायचा, तसं.

"मंग झालं," तो म्हणाला.

आणि वळला. बोट धुवायची होती. बादली घेऊन तो पुन्हा पाण्यात शिरला, एका हातानं बोटीची कड धरून वर चढला. बोट हलली तसे त्यानं डोळे मिटले आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग वाकून तळ घासायला लागला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

घरी आलो तेव्हा सुमननं पिशवी उघडली आणि तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "अगं बाई! पापलेट? एवढे मासे कोणी दिले?"

"तांडेलनं," मी म्हणालो. "त्यांची घरची बोट आहे ना."